भावाला आणशील का?



आज नोकरीविषयी चार शब्द बोलणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले शहरात कामाला आहेत. काहींची जायची आहेत. कारखाना चांगला की वाईट, हे ओळखायचे कसे? फाटकावरची पाटी तुम्ही आता वाचू शकता. पण पाटी वाचून ते कळत नाही. तिथे राबणाऱ्या माणसाला विचारावे. एकच विचारावे, "बाबा, तुझ्या सख्ख्या भावाला इथे आणशील का?"

आपल्या गावातच बघा ना. सुगीत एका शेतकऱ्याकडे माणसे न बोलावता येतात. दुसरा घरोघर फिरतो, तरी त्याला माणूस मिळत नाही. पहिला बाजारच्या दिवशी मजुरी हातावर ठेवतो. दुसरा म्हणतो, "उद्या या." बायका नळावर बोलतात. गावभर होते.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळ कारखाना काढला. जागा औंधच्या राजेसाहेबांनी दिली. जागा कसली, ओसाड माळ! निवडुंग आणि साप. तरी बेळगावचे कामगार बायकापोरांसकट तिथे राहायला गेले. माळ बघून कोण जाईल? ते मालक बघून गेले. तुरुंगातून सुटलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण दिली होती. ज्याला कोणी दारात उभे करीत नाही, त्याच्या हाती कारखाना! असल्या मालकाचे नाव कामगार आपण होऊन चार ठिकाणी सांगतो. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली.

पण पाहुण्याला "ये आमच्याकडे" म्हणणे सोपे नाही. म्हणणारा आपली अब्रू गहाण ठेवतो. पगार थकला, तर पाहुणा मालकाला बोलत नाही. यालाच बोलतो. म्हणून शहाणा माणूस खात्री असल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मी हे ठेच खाऊन शिकलो. एका गृहस्थाने मुलासाठी शब्द टाकायला सांगितले. एका कारखान्याचा मॅनेजर माझ्या ओळखीचा होता. मी चिठ्ठी दिली. कामगारांना काही विचारले नाही. तीन महिने पोराला पगार नाही! उसन्या पैशांनी तिकीट काढून ते परत आले. बाप मला काही बोलला नाही. पण शाळेवरून जाताना तोंड फिरवू लागला. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी चिठ्ठ्या देत नाही. मागच्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी भेटायला आला. म्हणाला, "गुरुजी, धाकट्याला माझ्याकडे कामाला नेतोय."

मी म्हटले, "का रे, विचार केलास ना?"

"केला गुरुजी. पगार सात तारखेच्या आत मिळतो. आणि माझं बोट यंत्रात सापडलं, तेव्हा मालक स्वतः दवाखान्यात आले. खाडे धरले नाहीत."

मी आणखी काही विचारले नाही. आता दोघे भाऊ एकाच खोलीत राहतात.