हृदयाच्या झडपेतील संसर्ग आणि अणुवैद्यक



संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप निकामी झालेल्या अनेक रुग्णांना कृत्रिम झडपेने नवे आयुष्य लाभते. परंतु तिच्यावर जंतूंनी ठाण मांडले, तर प्राणावर बेतते. रक्तपरीक्षा व इको ही निदानाची पहिली साधने होत. तथापि धातूच्या झडपेची छाया पडून इकोत दोष झाकला जाण्याचा संभव असतो.

येथे अणुवैद्यक साह्यास येते. किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली शर्करा शिरेतून देतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी ती अधिक शोषतात व पेट-सीटी चित्रात ती जागा उजळते. सुमारे ११० मिनिटांत तिची किरणोत्सर्गिता निम्मी होते. निरोगी हृदयस्नायूही शर्करा घेतो. म्हणून आधी पिष्टमय व गोड पदार्थ वर्ज्य करून उपवास करावा लागतो. कृत्रिम झडपांसाठी युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संस्थेने २०१५ मध्ये या तपासणीस प्रमुख निकषांत स्थान दिले. देशातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कार्यान्वित झाले.

कृत्रिम झडप असलेल्याने ताप आल्यास परस्पर प्रतिजैविके घेऊ नयेत. प्रथम डॉक्टरांकडे जाऊन रक्ताचा नमुना द्यावा. अर्धवट औषधाने ताप दबतो, रक्तात जंतू सापडत नाहीत आणि रोग मात्र आत वाढत राहतो.