श्वासावर लक्ष, पाण्यावर हक्क



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत आमच्या विहारात संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. त्याआधी आम्ही बचत गटाच्या बायका दहा मिनिटं आनापानसती करतो. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवायचं.

काही जणी विचारतात, डोळे मिटून बसल्यानं नळाला पाणी येतं का? नाही येत. ते मागावंच लागतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठीच गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंना धम्म दिला, तोही असाच. त्यांचं सांगणं होतं की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. माणसामाणसांतलं नातं आलं की धम्म लागतो.

यंदा उन्हाळ्यात टँकर आधी वरच्या आळीत रिकामा व्हायचा, आमच्या वस्तीला तळचा गाळ. वर टोमणे. अशा वेळी भांडण पेटलं की गावात चर्चा भांडणाची होते, पाणी बाजूलाच राहतं. बुद्धांनी सतीची चार ठिकाणं सांगितली: काया, वेदना, चित्त आणि धम्म. आम्ही ती रांगेत उभ्या राहून पाहिली. दात आवळलेत, ही काया. टोमणा झोंबला, ही वेदना. राग आलाय, हे चित्त. आणि हे का घडतंय, याचं कारण शोधणं, हा धम्म. कारण सापडलं: टँकरच्या पाळीचा नियमच नव्हता.

मग हप्त्यांची नोंद ठेवतो तशीच वहीत नोंद सुरू केली. तारीख, वेळ, कोणत्या आळीला किती हंडे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं ती वही वाचली. आवाज चढवला नाही, मागणीही सोडली नाही. वरच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या उठून म्हणाल्या, “आमच्यानंबी हंडा उचलवत नाय, पाळी लावा.” ठराव झाला. आता पहिली पाळी आळीपाळीनं फिरते. वही मात्र आम्ही बंद केलेली नाही.

मैत्री भावना म्हणजे हक्क सोडणं नव्हे. समोरच्याचा द्वेष न करता अन्यायाला अन्याय म्हणणं, ही मैत्री.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेबाआधी पाच मिनिटं शांत बसा. मग एकच प्रश्न विचारा: आपल्या गावात आज कोण मागं राहिलंय?

जय भीम.