सोळा कोटींचे औषध आणि पाळण्यातील बाळ

(श्रीक्षेत्र जांब समर्थ येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

सज्जनहो, समर्थांच्या या जन्मभूमीत दासबोध अपरिचित नाही. त्याच्या तिसऱ्या दशकाचा आरंभ जन्मदुःखाने होतो आणि पुढे देहाच्या व्याधींची लांबलचक गणना येते. ग्रंथाने ज्या दुःखाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, त्याविषयी समाजाने मौन पाळावे, हे उचित नव्हे.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी हा असाच एक जन्मजात आजार. पाठीच्या कण्यातील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, पाय झाडत नाही, दूध ओढताना दमते. बुद्धी मात्र शाबूत असते. आईला पाहून ते हसते. तीव्र प्रकारात उपचार आणि श्वासयंत्राविना बहुतेक बाळे दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

२०२१ साली महाराष्ट्राने या आजाराची दोन रूपे पाहिली. मुंबईतील एका बालिकेसाठी लोकांनी सोळा कोटींचे जनुकीय औषध उभे केले. देवेंद्र फडणवीस यांच्या पत्रानंतर केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. पिंपरी-चिंचवडमधील दुसऱ्या बालिकेलाही जूनमध्ये तेच औषध मिळाले. १ ऑगस्टला ती गेली. समाजाची उदारता दोन्हीकडे सारखीच होती.

परंतु वृत्तपत्रांत न येणाऱ्या घरांचे काय? न्यूमोनिया होतो, डॉक्टर विचारतात, ‘नळी घालायची का?’ कागद पुढे येतो आणि पंचविशीतला बाप दाराबाहेर एकटा उभा असतो. अशा वेळी एकजण म्हणतो, शेत विका. दुसरा म्हणतो, सुटू द्या. दोघेही दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला जातात! खरे तर निर्णय बाळाच्या हिताचा हवा, पण तो बहुधा पैसाच घेतो. यंत्रावर केवळ दिवस लांबवणे म्हणजे सेवा नव्हे. तसेच यंत्र नको म्हटले म्हणून सेवा संपत नाही. घशातील कफ काढणे, वेदना शमवणे, धाप कमी करणे, बाळाला मांडीवर ठेवणे हाही उपचारच आहे, आणि तो शिकवावा लागतो.

केंद्राचे दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आले. २०२२ पासून मुंबईच्या केईएमसारख्या निवडक केंद्रांतून पन्नास लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. सोळा कोटींपुढे ही रक्कम किती तोकडी, हे सांगायला गणिती नको.

आता घरातली गोष्ट. दोष सुनेला दिला जातो, ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हटले जाते. वस्तुतः या आजारात बहुतेक वेळा आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात. स्वतः निरोगी असल्याने त्यांना ते ठाऊक नसते. प्रत्येक गर्भारपणात चारांत एक धोका राहतो. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी विवाह ही जुनी रीत. अशा नात्यात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. हे बोलायला वडीलधारी मंडळी कचरतात. रक्ततपासणीने वाहक कळतात, आणि पुढच्या खेपेस गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्यातही होऊ शकते.

औषध लवकर मिळाले तरच अधिक उपयोगी. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून घरी येणाऱ्या आशाताईंना ‘बाळ पाय हलवत नाही’ हे त्याच आठवड्यात सांगा. ‘आळशी आहे, धरेल मान’ म्हणून थांबू नका. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहेत. तिथवरची बस सकाळीच निघते.