काटेरी तार आणि रानातील जीव



बाभळी-बोरीच्या काट्यांची कुपाटी कुंभार पिंपळगावच्या शिवारातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तिच्यातून ससा निसटे, तित्तिर तिच्या आडोशास राही. तिची जागा घेणारी काटेरी तार मूळची अमेरिकेतील. ग्लिडन नामक शेतकऱ्याने १८७४ साली तिचे पेटंट घेतले, तेही गुरे अडविण्यासाठी.

गुरे तारेजवळ सावकाश येतात. कुत्री मागे लागलेली काळविटे अथवा रोही भरधाव येतात. बारीक तार त्यांस दिसत नाही. उडी तोकडी पडली की मागील पाय वरच्या दोन तारांत पिळला जातो, आणि जनावर जितके झटके देते तितका वेढा आवळतो. रात्री घुबडे, वटवाघळे पंखांनी अडकतात. ढिली पडून गवतात लोळणारी तार तर सर्वांत घातक.

शेतकऱ्यास बोल लावणे न्याय्य नव्हे. रोह्यांचा कळप रात्रीतून हरभऱ्याची नासाडी करतो. त्यास इतकेच सुचवावे : वरची तार बिनकाट्याची व ताठ असावी, तिच्यात व खालच्या तारेत फूटभर अंतर राखावे, तारेवर पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. शाळेच्या आवाराचे कुंपण प्रथम तपासावे. अडकलेल्या जनावराजवळ मुलांना जाऊ देऊ नये. वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.