क्लब खाजगी, पण खेळ?

आजचा विषय एका पोलवरून सुचला. पोल आमच्या ऑफिसच्या रविवारच्या टर्फ क्रिकेटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. टीममधल्या एका मुलीने विचारलं, मी येऊ का खेळायला? बहुतेकांचं उत्तर "नको". कारण काय, तर मोकळेपणा जाईल, शिव्या देता येणार नाहीत. मी मत दिलंच नाही. म्हणजे खरं सांगायचं तर मीही "नको"वालाच होतो, फक्त नाव दिसू नये म्हणून गप्प बसलो.

तेव्हा माझं म्हणणं साधं होतं: पैसे आमचे, ग्रुप आमचा, कोणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. हा युक्तिवाद अगदीच फालतू नाहीये. आपल्या घटनेच्या कलम १९ मध्ये संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही फक्त पुरुषांचा किंवा फक्त स्त्रियांचा क्लब चालतो.

आता स्कॉटलंडमधलं म्युरफील्ड बघा. १७४४ पासूनचा गोल्फ क्लब. मे २०१६ मध्ये तिथे मतदान झालं, स्त्रियांना सदस्यत्व द्यायचं का? ६४ टक्के "हो" म्हणाले, पण दोन तृतीयांश लागत होते, म्हणून ठराव पडला! विरोधकांच्या पत्रात काळजी कसली, तर खेळ संथ होईल आणि दुपारच्या जेवणाची पद्धत बिघडेल. (आमच्या शिव्यांपेक्षा हे जरा सभ्य, एवढंच.) त्याच दिवशी 'द ओपन' भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने सांगितलं, स्त्री सदस्य न घेणाऱ्या क्लबवर आम्ही स्पर्धा घेणार नाही. गंमत म्हणजे आर अँड ए शी जोडलेल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबने स्वतः स्त्रियांना दार उघडलं ते २०१४ मध्ये. मार्च २०१७ मध्ये म्युरफील्डने पुन्हा मतदान घेतलं, आणि या वेळी ८० टक्के "हो".

कायदा तोच होता, सदस्यही बहुतेक तेच. बदललं एवढंच की जगभर बघितली जाणारी स्पर्धा हातातून गेली. मला वाटतं रेघ इथेच ओढायला हवी. चार मित्र आपल्या पैशाने खेळत असतील तर सरकारने त्यात पडू नये, हे मी अजूनही म्हणतो. पण क्लब देशाची स्पर्धा भरवत असेल, किंवा सरकारी जमिनीवर उभा असेल, तर "आमचं खाजगी आहे" हे कसं चालेल? मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांच्या जमिनी सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. अशा ठिकाणी कोणालाही बाहेर ठेवायचं असेल तर आधी जमीन बाजारभावाने घ्या, मग बोलू.

आमचा टर्फ तासावर भाड्याने घेतलेला, म्हणजे या रेघेच्या अलीकडचा. तरी एक गोष्ट मला खटकत राहिली. आमचे मॅनेजरही तिथे खेळायचे. एका रविवारी मॅच संपल्यावर चहा पिताना ते म्हणाले, नवीन प्रोजेक्ट येतंय, दोघांना बाहेर पाठवायचंय, कोणाला जायचंय? दोघांनी तिथेच हात वर केले. सोमवारी ऑफिसात ती बातमी म्हणून कळली, नावं ठरलेली होती. त्या मुलीचा अनुभव त्या दोघांपेक्षा जास्त होता. तिने मला विचारलं, "हे कधी ठरलं रे?" मी म्हटलं, काल. कुठे, ते सांगायची हिंमत झाली नाही. तिला ते कळलंच होतं म्हणा.

म्हणून आता मी क्लबचा नियम वाचण्याआधी तिथे चहाच्या वेळी काय ठरतं ते विचारतो. ऑगस्टा नॅशनलने २०१२ मध्ये पहिल्यांदा दोन स्त्रिया घेतल्या, कॉन्डोलीझा राइस आणि डार्ला मूर. एक माजी परराष्ट्रमंत्री, दुसरी मोठी गुंतवणूकदार. त्या हिरव्या कोटात नुसता गोल्फ खेळला जात असेल, असं तुम्हाला वाटतं?

महिनाभराने आम्ही दुसरा पोल घेतला. सगळे "हो". मीच तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "थँक्स, पण आता रविवारी बॅडमिंटन असतं माझं."

तुमच्या गावातल्या क्लबचे नियम काय आहेत, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.