डोंगरावर धावायचे, पण भाद्रपदात नको

(उत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटे दिली आहेत. आमच्या सचिवांना माझी दहा मिनिटे किती लांबतात ते ठाऊक असल्याने ते घड्याळ समोर ठेवून बसले आहेत. तेव्हा प्रस्तावना टाळतो.

युवा शाखेने यंदा विसर्जनाच्या आदल्या रविवारी 'डोंगर धाव' ठेवण्याचा ठराव मांडला आहे. राजपूरहून जुन्या पायवाटेने झडीपानीपर्यंत चढायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. कल्पना ऐकून पहिला आनंद मलाच झाला. या डेहराडूनच्या आसपासच्या वाटांवर गेली अकरा वर्षे मी धावतो आहे. तरीसुद्धा मी या ठरावाला विरोध करायला उभा आहे. धावेला नव्हे, तिच्या तारखेला.

मी इथे बदली होऊन आलो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि रक्तातील साखर नुकतीच हाताबाहेर गेली होती. पुण्यात असताना रविवारी सिंहगड चढणारे मित्र होते. मी पायथ्याशी त्यांच्या गाड्या सांभाळायचो आणि ते वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आले की ऐकून घ्यायचो. इथे आल्यावर ओळखीचे कोणी नव्हते, म्हणून मी चालायला लागलो. चालता चालता पळायला कधी लागलो ते सांगता येणार नाही. सुरुवात वनसंशोधन संस्थेच्या आवारातील सपाट रस्त्यांवरून झाली. साडेचारशे हेक्टरचा परिसर, १९२९ साली उद्घाटन झालेली ती अजस्र इमारत आणि दुतर्फा झाडे. नवशिक्याने तिथूनच आरंभ करावा. मात्र आत जाण्याच्या वेळा आणि नियम बदलत असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

आता राजपूरची वाट. आपल्यातील पुष्कळांनी ती पाहिलेली नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. मसुरीला आपण पाहुण्यांना घेऊन मोटारीने जातो, वळणावळणांवर उलट्या करतो आणि मालरोडवर मक्याचे कणीस खाऊन परत येतो. पण मोटाररस्ता होण्यापूर्वी मसुरीला जायची वाट हीच होती. १९०० साली रेल्वे डेहराडूनला पोचली. तिथून टांग्याने राजपूर, आणि पुढे घोड्यावर किंवा माणसांनी खांद्यावर वाहिलेल्या दांडीत बसून वर. शहनशाही आश्रमापाशी ही वाट सुरू होते. राजपूर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर, तर मसुरी दोन हजार. म्हणजे उभा एक किलोमीटर आपल्याला पायांनी उचलायचा असतो. झडीपानी त्याच्या साधारण मध्यावर येते, पाचेक किलोमीटरवर. १८८८ साली रेल्वेने काढलेली ओक ग्रोव्ह शाळा तिथेच आहे.

पहिला टप्पा उन्हाचा आणि झुडपांचा. मग वळण घेतले की वारा बदलतो. दगडी फरसबंदीचे तुकडे लागतात, पडक्या भिंती दिसतात, आणि मागे वळून पाहिले की सगळी दून पायाशी असते. पलीकडे शिवालिकची रांग, अगदी आपल्या घाटमाथ्यावरून कोकण दिसावे तशी. आणखी वर बांज लागतो. बांज म्हणजे इथला ओक. त्याच्या पानांची खालची बाजू फिकट रुपेरी असते, वारा आला की सगळे झाड रंग बदलते. फाल्गुन-चैत्रात बुरांश फुलतो तेव्हा तर थांबल्यावाचून राहवत नाही, आणि थांबावेच. माझ्या धावण्याला लाज नावाची गोष्ट नाही.

वरच्या अंगाला लंढौरचा चक्कर आहे. देवदारांतून जाणारा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, डांबरी पण गाड्या कमी. आकाश स्वच्छ असेल तर बंदरपूंछ आणि स्वर्गारोहिणी दिसतात. मसुरीतला कॅमल्स बॅक रोड तीनेक किलोमीटरचा, जवळजवळ सपाट. ज्येष्ठांनी तो बिनदिक्कत चालावा. खाली शहराच्या अंगाला नालापाणीचे खलंगा आहे. १८१४ साली गुरख्यांनी इंग्रजांना जिथे झुंजवले, जनरल गिलेस्पी जिथे पडला, ती टेकडी. तिथे सगळे सालाचे रान. पाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी तिथल्या सुमारे दोन हजार झाडांवर २०२४ साली खुणा झाल्या, तेव्हा शहरातले लोक रस्त्यावर आले. त्यांत आपल्या मंडळातलेही दोघे-तिघे होते. पानगळीच्या दिवसांत सालाची मोठी वाळकी पाने वाटेवर पसरतात आणि त्यांखालचे दगड, मुळे काही दिसत नाहीत. तिथे पाऊल उचलून टाकायचे, फरफटवायचे नाही.

डोंगरात धावण्याचे तंत्र विचाराल तर एका वाक्यात सांगतो : चढ चालायचा. यात कमीपणा नाही, डोंगरातले मुरलेले धावपटूसुद्धा उभ्या चढावर चालतात. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले नाही, तर वेग जास्त आहे असे समजा. वेळेचा अंदाज काढायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब दिला आहे. चालणाऱ्याला दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने झडीपानी हा चालणाऱ्याचा जवळपास दोन तासांचा चढ आहे. ठरावात लिहिलेली चाळीस मिनिटे कोणी काढली ते मी विचारत नाही.

खरे दुखणे उतारात आहे. चढताना दम लागतो म्हणून आपण सांभाळतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून सोडून देतो. पण त्या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचे काम करतात. त्याचे बिल दुसऱ्या दिवशी येते, कधी तिसऱ्या. जिना उतरताना कठडा धरावा लागला की समजावे. उपाय म्हणजे छोटी पावले, गुडघा किंचित वाकलेला, नजर दहा पावले पुढे, आणि पहिल्या दिवशी थोडाच उतार. पुढच्या खेपेला तोच उतार निम्मा दुखतो.

हे सगळे मला माहीत होते, आणि तरी मी पडलो. ते सांगितल्याशिवाय माझ्या विरोधाला अर्थ नाही. चार वर्षांपूर्वी, गौरी-गणपतीच्या नंतरच्या आठवड्यात, मी एकटाच झडीपानीहून उतरत होतो. दोन दिवस उघडीप होती. वाट कोरडी दिसत होती, पण सावलीतल्या फरशीवर शेवाळ होते. पाय सरकला, घोटा दगडांत अडकला आणि आवाज मलाच ऐकू आला. मोबाइलला रेंज नव्हती. घरी सांगितले होते ते 'जरा फिरून येतो' एवढेच, कुठे ते नव्हे. पाऊण तास मी एका दगडाला टेकून बसलो होतो आणि खरे सांगतो, बिबट्याचा नव्हे, ढगांचा विचार करत होतो. शेवटी वरून एक दूधवाला खेचर घेऊन उतरला. रिकामे कॅन त्याने स्वतःच्या पाठीवर घेतले आणि मला खेचरावर बसवले. राजपूरला पोचेपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "बाबूजी, बरसात में तो हम भी देखके चलते हैं." पैसे त्याने घेतले नाहीत. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे. घरात त्यानंतर काय झाले ते इथे सांगण्यासारखे नाही.

युवा शाखेचा युक्तिवाद मी ऐकला आहे. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ पासून होते, यवतेश्वरचा घाट भर पावसाळी हवेत हजारो लोक धावतात, मग आपल्यालाच काय झाले? मुद्दा चांगला आहे. पण यवतेश्वरचा घाट हा डांबरी रस्ता आहे. रुग्णवाहिका प्रत्येक वळणावर उभी राहू शकते. झडीपानीच्या वाटेवर स्ट्रेचरसुद्धा चार माणसांनी तोल सांभाळत आणावा लागेल. दुसरे म्हणजे दगड. आपला सह्याद्री बसाल्टचा, थरांवर थर बसलेला. तोही कोसळतो, ३० जुलै २०१४ चे माळीण आपण विसरलेलो नाही. पण मसुरीचा डोंगर मुळातच चुनखडीचा आणि पाटीच्या दगडाचा, भेगाळलेला. त्यातच चुन्याच्या खाणींनी तो पोखरला होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या पुष्कळ खाणी बंद करायला लावल्या.

आणि एक तारीख आठवा. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. १५ सप्टेंबरच्या रात्री सहस्रधारा, मालदेवता भागात जो पाऊस कोसळला, त्यात माणसे गेली, पूल गेले, तमसेचे पाणी टपकेश्वराच्या देवळात शिरले आणि मसुरीचा रस्ता तुटून पर्यटक वर अडकले. आपले विसर्जन होऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांच्या फरकावर मी कोणाच्या मुलाला त्या वाटेवर पाठवणार नाही.

माझी सूचना अशी. उत्सवात सपाटीवर पाच किलोमीटरची दौड ठेवा, आजी-नातवंडांसकट. झडीपानीची धाव दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठेवा. त्या सुमारास हवा कोरडी असते, डोंगर धुतल्यासारखे दिसतात. उजाडल्यावरच निघायचे, अंधारात नाही, कारण बिबटे या भागात खरोखरच आहेत. कोणी एकटे राहायचे नाही, सर्वांत मागे एक जाणता माणूस. निघताना आणि परतल्यावर नावे वहीत. तो मागचा माणूस व्हायला मी तयार आहे. वेगाच्या दृष्टीने मला तीच जागा शोभते.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी शहनशाही आश्रमापाशी थांबतो. ज्यांना वाट पाहायची आहे त्यांनी यावे. नवे बूट घालू नयेत, पाण्याची बाटली आणावी आणि घरी कुठे जातो ते नीट सांगून यावे. झडीपानीचा चहा माझ्याकडे. खजिनदारांनी काळजी करू नये.