स्वरलेखनाच्या फायली आवरताना

पाश्चात्त्य संगीत संगणकावर उतरवायचे म्हणजे माऊसने पाच रेघांवर एकेक टिपका ठेवायचा, असे बहुतेकांना वाटते. दुसरी एक वाट आहे: संगीत अक्षरांत लिहायचे. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोन डच तरुणांनी १९९६ मध्ये सुरू केलेले ‘लिलीपॉण्ड’ अशी साध्या मजकुराची फाइल वाचते आणि तिच्यातून छापण्याजोगे पान काढते. ‘म्युटोपिया’ प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी बाख, मोझार्ट, बीथोव्हन यांच्यासह २,००० हून अधिक रचना याच पद्धतीने उतरवून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. हे काम मला फार मोलाचे वाटते.

पण लिहिणारे हात अनेक, वर्षेही अनेक. कोणी एका ओळीत एक बार (ठरावीक मात्रांचा गट) लिहितो, कोणी दहा. कोणाचे समास टॅबने, कोणाचे स्पेसने. पुढच्या माणसाला त्यात चुकीचा स्वर शोधायचा असेल तर डोळे शिणतात. म्हणून कमांड लाइनवरून सगळ्या फोल्डराला एकदम शिस्त लावायची. विल्बर्ट बेरेंडसेन यांच्या ‘एलवाय’ या साधनाला ‘रिफॉर्मॅट’ सांगितले की ते कंसांपाशी ओळी तोडते, समास लावते, ओळीअखेरच्या रिकाम्या जागा पुसते. लिलीपॉण्डबरोबर येणारे ‘कन्व्हर्ट-एलवाय’ मात्र निराळे काम करते. फायलीत नोंदलेली आवृत्ती पाहून ते जुन्या आज्ञा नव्या रूपात आणते.

एवढ्यासाठी खास साधन कशाला, साधे शोधा-आणि-बदला पुरे नाही का? पुरे नाही, आणि इथे मी थोडा थांबतो. टक्क्याच्या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लिलीपॉण्ड शेरा समजून सोडून देते. दोन ओळी जोडणाऱ्या भाबड्या आज्ञेने शेऱ्यामागे पुढची ओळ आणली, तर तिच्यातले सगळे स्वर निमूट नाहीसे होतात. गीताच्या शब्दांत अक्षरगट तोडणाऱ्या दोन आडव्या रेघांच्या दोन्ही बाजूंना जागा लागते. ती जागा ‘जास्तीची’ म्हणून काढली की दोन अक्षरगट एकाच स्वराखाली जाऊन बसतात आणि पुढचे गाणे सरकते. ‘रिलेटिव्ह’ पद्धतीत प्रत्येक स्वराचे सप्तक आधीच्या स्वरावरून ठरते, त्यामुळे मधला एक स्वर गळला तर पुढची सबंध ओळ वरच्या किंवा खालच्या सप्तकात जाऊ शकते. भातखंडे लिपीत स्वराखालचे टिंब छापताना उडाले तर मंद्राचा मध्य होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे निदान चूक त्या एका स्वरापुरती राहते. लिलीपॉण्डच्या व्याकरणाची जाण असलेले साधनच इथे वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही साधनावर आंधळा विश्वास नको. काही जुन्या आज्ञा स्वतःला बदलता येत नाहीत, हे कन्व्हर्ट-एलवायच सांगते; त्या सूचना वाचून तेवढ्या जागा हाताने दुरुस्त कराव्या लागतात. प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ लिहायची सवय असेल तर मात्रा चुकल्याबरोबर लिलीपॉण्ड इशारा देते.

काम सुरू करण्यापूर्वी फायली बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये नोंदवाव्यात आणि प्रत्येकीची मिडी फाइल, म्हणजे स्वर वाजवण्याच्या सूचनांची फाइल, काढून ठेवावी. मांडणी झाल्यावर, लिलीपॉण्डची तीच आवृत्ती वापरून, मिडी पुन्हा काढावी आणि दोन्हींतले स्वर यंत्राकडूनच ताडून घ्यावेत. पीडीएफ फायली थेट ताडून भागत नाही. पानावरच्या प्रत्येक स्वरामागे मूळ फायलीतल्या ओळीचा आणि स्तंभाचा पत्ता दडवलेला असतो, म्हणून संगीत तेच असूनही त्या फायली वेगळ्या भरतात. मिडीतले स्वर ताडताना शब्द आणि बोटांच्या खुणा तपासल्या जात नाहीत, तेव्हा काही पाने छापून डोळ्यांखालून घालावीत. आवृत्ती बदलण्याचे काम त्यानंतर, वेगळ्या नोंदीत करावे. दोन्ही एकाच नोंदीत मिसळले तर हजारो बदललेल्या ओळींत खरा बदल कोणता, हे तपासणाऱ्याला उमगत नाही.